एकोणीसपैकी सोळा घोड्या

१

आठव्या तारेखालची घोडी तिच्या जागेपासून सहा सेंटिमीटर आठ मिलिमीटर डावीकडे सरकली होती.

मी पुन्हा पट्टी लावली. तेवढंच भरलं. आदल्या संध्याकाळी मी माझं त्रान्ह, एकोणीस तारांचं आडवं वाद्य, सुरात लावून ठेवलं होतं आणि नेहमीसारखा प्रत्येक घोडीच्या पायाशी, फळीवर, लाल पेन्सिलीचा ठिपका दिला होता. अठ्ठावीस वर्षं सा देकच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवल्यावर अशा सवयी सुटत नाहीत. ठिपके जागच्या जागी होते. घोड्या नव्हत्या.

त्रान्हच्या प्रत्येक तारेखाली एक सुटी लाकडी घोडी असते. ती डावीकडे सरकवली की तारेचा वाजणारा भाग लांबतो आणि सूर उतरतो. चोपन्न सेंटिमीटरची तार आता साठ पूर्णांक आठ दशांश झाली होती. मी ती छेडली. पूर्ण एक स्वर खाली.

मांजराचा धक्का म्हणावं, तर मांजर इतक्या घोड्या एकाच प्रमाणात सरकवत नाही. मी एकेक मोजत गेले. एकोणीसपैकी सोळा सरकल्या होत्या. माझ्यापासून सर्वांत लांब असलेल्या, खर्जाच्या तीन तारांच्या घोड्या मात्र लाल ठिपक्यांवर जशाच्या तशा उभ्या होत्या.

सकाळचे सात वाजायला वीस मिनिटं कमी होती. मी वहीत आकडे लिहीत होते तेवढ्यात थिन दारात आला. थिन आमच्या मंडळीतला बासरीवाला, वय पस्तीस. तो आत आला नाही. चौकटीला धरून उभा राहिला.

"बाई, देव्हाऱ्यातली पेटी कुणी उघडली होती का?"

"मी नाही. का?"

"रिकामी आहे," तो म्हणाला.

२

आमची बेन लाउ मंडळी लहान आहे. भाताच्या हंगामानंतर गावोगावच्या देवळांपुढे संगीत नाटकं करायची आणि बाकीचं वर्ष कालव्याकाठच्या याच घरात गाण्याच्या बैठका. मंडळी स्थापन केली सहाव्या काकांच्या वडिलांनी. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना जन्मक्रमानेच हाक मारतात. त्यामुळे काकांचं नाव लुओंग आहे हे पत्रांवरच दिसतं. काका बहात्तर वर्षांचे. किम नावाची दोन तारांची, चंद्रासारख्या गोल तुंब्याची वीणा वाजवतात आणि मंडळीही तेच चालवतात.

त्या दिवशी आठव्या चांद्रमासाची बारावी होती, म्हणजे नाटकवाल्यांच्या आद्यगुरूंचा दिवस. काकांच्या वडिलांची बासरी वर्षभर देव्हाऱ्यातल्या लाखेच्या पेटीत असते. याच दिवसासाठी ती बाहेर येते, सगळी वाद्यं तिच्यावरून सूर घेतात, आणि पाहुण्यांसमोर नायिका पहिलं गाणं तिच्या साथीने म्हणते. थिनने आदल्या संध्याकाळी सर्वांसमोर ती काढून सूर दिला, पुसून पेटीत ठेवली. रात्री आम्ही सहा जण इथेच झोपलो, कारण पहाटेपासून स्वयंपाक होता. सकाळी दाराची कडी आतूनच लावलेली होती.

"म्हणजे घरातलाच," खोआ म्हणाला. खोआ दोनतारी सारंगी वाजवतो. साठीचा आहे, डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि म्हणून सगळं मोठ्याने बोलतो. "आणि घरातल्यांपैकी बासरीचा उपयोग कुणाला? मला? मी काय तिने भात ढवळू?"

"खोआभाऊ, सरळ नाव घ्या," थिन म्हणाला.

"घेतो की. पर्यटकांच्या बोटीवर कुणाला नोकरी लागली आहे? गेल्या महिन्यात काकांकडे 'ती बासरी एकदा बोटीवर नेऊ द्या' असं कोण म्हणालं?"

"एका दिवसासाठी म्हणालो होतो. काका नाही म्हणाले, विषय संपला."

"विषय संपला, मग बासरीही संपली."

सुओंग खाली मान घालून चिकट भाताच्या पुड्या बांधत होती. ती चोवीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी विन्ह लाँगच्या संगीत शाळेतून आली. नाटकात ती नायिकेची मैत्रीण होते आणि गाण्यात मागे बसते. नायिका तीस वर्षं एकच आहे, थुइ लिऊ, म्हणजे काकांची बायको. आम्ही त्यांना काकू म्हणतो. नोव्हेंबरात प्रांताचा महोत्सव होता आणि नायिका कोण हे काकांनी अजून सांगितलं नव्हतं. आधी म्हणाले, तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणानंतर बघू. मग म्हणाले, पावसाळ्यानंतर. मग आद्यगुरूंचा दिवस होऊ दे. गेल्या तीन वर्षांत प्रत्येक महोत्सवाच्या आधी हेच झालं होतं, आणि प्रत्येक वेळी शेवटी काकूच उभ्या राहिल्या होत्या.

"देव्हाऱ्यातलं चोरणाऱ्याचं काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे," खोआ म्हणाला. देव्हाऱ्याशेजारी मंडळींच्या नावांची पाटी आहे. "तीन वाजता पाहुणे येतील. त्यांच्यासमोर नाव पुसायचं. एकदा पुसलं की या प्रांतात कुठलीच मंडळी त्याला घेणार नाही. बोटसुद्धा नाही."

थिन काही बोलला नाही. मला ते विचित्र वाटलं. थिन गप्प बसणाऱ्यांतला नाही.

काका किमच्या तारा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पाहुण्यांसमोर सूर कुठून घ्यायचा ते आधी ठरवा," खोआ पुढे म्हणाला. "थिनने त्याची दुसरी बासरी काढायची नाही हं. आजच्या दिवशी दुसरी बासरी वाजत नाही."

"सूर त्रान्हवरून घ्यायचा," काकू म्हणाल्या. "पुराच्या वर्षी पेटी वर माळ्यावर अडकली होती तेव्हा तसंच केलं होतं की." मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्ही बघा ना जरा. तुम्ही मोजल्याशिवाय बोलत नाही. हा खोआ बोलतो आणि मग मोजतो."

"काय म्हणाली?" खोआने विचारलं.

"तुमची स्तुती केली," मी म्हणाले. "तीन वाजेपर्यंत पाटीला कुणी हात लावू नका."

घोड्यांबद्दल मी कुणालाच सांगितलं नाही.

३

सुओंग स्वयंपाकघरात एकटी होती. डुक्कर भाजायला शेजारी दिलं होतं, ते अजून यायचं होतं. मी तिच्यासमोर बसून पुड्या बांधायला घेतल्या. दोन मिनिटांत ती रडायला लागली.

"बाई, माझ्यामुळे झालं."

"बासरी तू घेतलीस?"

"नाही. मी थी आणलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून घरात कसला तरी गोड वास येत होता. थीची पिवळी फळं याच महिन्यात पिकतात; मुली ती कपड्यांत ठेवतात. पण नाटकवाल्यांच्या घरात ते फळ आणायचं नाही असा दंडक आहे. आद्यगुरूंबरोबर देव्हाऱ्यात दोन लहान राजपुत्र असतात, त्यांना तो वास फार आवडतो आणि ते त्याच्यामागे खेळायला निघून जातात.

"मला वाटलं, पिशवीत तळाशी आहे, कुणाला कळणार," ती डोळे पुसत म्हणाली. "ते उठून गेले, आणि बासरी घेऊन गेले."

"कडी आतून लावून?"

तिने थोडा विचार केला. "राजपुत्र आहेत ते. त्यांना कडी कशाला काढायला लागते?"

"बरं. फळ खाऊन टाक आणि साल कालव्यात टाक. आता मला दुसरं सांग. तू त्रान्ह वाजवतेस?"

"शाळेत सगळ्यांना शिकवतात. एकवीस तारांचं. मला बरं येत नाही. मी गाणारी आहे." मग जरा थांबून, हळू आवाजात म्हणाली, "काकूंना वाटतं, मी गाणारीही नाही."

"असं का म्हणतेस?"

"रोज म्हणतात ना. 'पोरी, तुझा आवाज खाली बसत नाही, नुसता वर तरंगतो.' खरंच बसत नाही बाई. विन्ह लाँगला हेच गाणं मी डोळे मिटून म्हणायचे. इथे म्हणताना विहिरीत वाकून बोलल्यासारखं होतं. फक्त आद्यगुरूंच्या दिवशी गळा मोकळा होतो."

"त्या दिवशीच का?"

"ती जुनी बासरी चढी आहे ना. सगळेच म्हणतात, साठ वर्षांच्या उदबत्तीच्या धुराने वाळून चढली. गेल्या वर्षी काकूंना ताप होता, शेवटची ओळ त्यांच्या हातून निसटली. मागून मी उचलली. कुणाला कळलं नाही." तिने पुडीची गाठ घट्ट केली. "कळलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

मी तिथून उठले. साठ वर्षांच्या धुराने चढलेली बासरी. हे वाक्य मीही कितीदा म्हटलं होतं. आणि ते चुकीचं होतं.

४

थिन मागच्या पायऱ्यांवर बसला होता. पायाशी कालव्याचं पाणी, शेजारी कपड्यांची पिशवी, पिशवी बांधलेली.

"निघालास?"

"तीन वाजता नाव पुसणार, मग चार वाजता कुठे थांबू?"

"तू घेतलीस?"

"नाही."

"कुणी घेतली?"

"बाई, तुम्ही मला विचारलंत, मी उत्तर दिलं. दुसरं विचारू नका."

"तुझ्या बासऱ्या बघू."

त्याने कापडी पिशवी माझ्या हातात दिली. थिन स्वतःच्या बासऱ्या स्वतः बनवतो. आत वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी खूण केलेल्या बासऱ्या होत्या, प्रत्येकीवर वर्ष कोरलेलं. शिवाय एक बांबूची चपटी पट्टी, तिच्यावर खाचा. ते देव्हाऱ्यातल्या बासरीचं माप. पूर्वी तो त्याच मापाने बासऱ्या करायचा.

मी खिशातून पट्टी काढली. फुंकर मारायच्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंत मोजलं. मूळ माप बत्तीस सेंटिमीटर. तीन वर्षांपूर्वीची बासरी तेहतीस पूर्णांक दोन. गेल्या वर्षीची चौतीस पूर्णांक सहा. या वर्षीची छत्तीस.

"दर वर्षी लांब होते आहे, थिन."

"बांबू वाढतो."

"कापल्यावर नाही वाढत."

तो पाण्याकडे बघत राहिला. पलीकडून एक नाव गेली, नूडल्स विकणारी बाई वल्ह्याने काठ ठोठावत होती.

"काकांचं किम जिथे लागतं तिथे मला बासरी लागते," शेवटी तो म्हणाला. "किम वर, मी वर. किम खाली, मी खाली. बासरीला खुंट्या नसतात बाई, पिळता येत नाहीत. नवीन करावी लागते."

"आणि हे तू कुणाला सांगितलं नाहीस."

"मी बारा वर्षांचा असताना इथे आलो. काकूंनी मला जेवू घातलं, शाळेत घातलं, ताप आला की उशाशी बसल्या." त्याने बासऱ्या परत पिशवीत भरल्या. "नाव पुसलं तरी चालेल. पण मी नाही बोलणार."

मी वही उघडली. छत्तीस भागिले बत्तीस, एक पूर्णांक एकशे पंचवीस सहस्रांश. माझ्या त्रान्हची तार, साठ पूर्णांक आठ भागिले चोपन्न, एक पूर्णांक एकशे सव्वीस.

दोन्ही आकडे एकाच माणसाकडे बोट दाखवत होते.

५

वाद्यांच्या खोलीत काका एकटेच होते. मी दार लोटून घेतलं आणि त्रान्हपाशी बसले.

"काका, मला पंधरा मिनिटं द्या. चुकलं तर सांगा."

त्यांनी किम मांडीवरून बाजूला ठेवलं.

"काल संध्याकाळी मी हे बासरीच्या सुरात लावलं. सकाळी ते एक स्वर उतरलेलं होतं, आणि तेव्हा बासरी गेल्याचं कुणालाही ठाऊक नव्हतं. बासरी वाजणार असेल तर त्रान्ह उतरवून काही उपयोग नाही. मी तीन वाजता ते पुन्हा वर चढवलं असतं. पण बासरी नसेल तर सगळे सूर त्रान्हवरून घेतात. म्हणजे ज्याने घोड्या सरकवल्या त्याला ठाऊक होतं की आज बासरी नसणार."

"पुढे."

"तो कोण? खोआभाऊंच्या सारंगीच्या दोन तारा मी लावून देते, एकोणीस त्यांना जमणार नाहीत. थिन फुंकरीचा माणूस. काकू कुठल्याच वाद्याला हात लावत नाहीत. सुओंग वाजवते, पण ती शिकली एकवीस तारांवर. ती लावायला बसली असती तर कडेपर्यंत गेली असती. हा माणूस सोळा तारा लावून उठला. खर्जाच्या तीन त्याने पाहिल्याच नाहीत. कारण त्याचा हात शिकला तेव्हा त्रान्हला सोळाच तारा असायच्या. सोळा झाल्या की काम झालं, असं त्या हाताला वाटतं."

काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उलटा केला, सुलटा केला.

"तीन राहिल्या?" ते म्हणाले. "मी दोनदा वाजवून बघितलं."

"जुन्या चालीच वाजवल्या असतील. त्यांत त्या तीन येत नाहीत."

त्यांनी हात लांब करून खर्जाची एक तार छेडून पाहिली.

"बासरी चढलेली नाही काका. वाळलेल्या बांबूची लांबी बदलत नाही. आपण उतरलो. दर वर्षी थोडंथोडं. माझ्या फळीवर तीन वर्षांचे जुने ठिपके आहेत, पुसट, प्रत्येक वर्षीचे आधीच्यापेक्षा डावीकडे. मी समजले, नवीन तारा वेगळ्या जाडीच्या आहेत. मी कारण शोधलं नाही, कारण मला एक कारण आधीच मिळालं होतं."

"पहिल्या वर्षी अगदी थोडं उतरवलं," काका म्हणाले. "तिचा वरचा सूर ओढला जायला लागला होता. म्हटलं, एका रात्रीपुरतं. ती घरी येऊन म्हणाली, 'अहो, या वयात गळा पुन्हा मोकळा झालाय बघा.' इतकी खूश होती. मग दुसऱ्या दिवशी परत वर कसं न्यायचं?"

"आणि गेल्या वर्षीचा ताप?"

"ताप कुठला? मी म्हणालो ताप आहे, तिला वाटलं असेल. या वर्षी काय म्हणणार होतो?"

"तुम्ही सुओंगला गायला लावू शकला असता."

"तसं म्हणायचं तर आधी त्याचं कारण सांगावं लागतं."

"आणि थिन?"

त्यांनी मान खाली घातली. "मला वाटलं, पाहुणे गेले की बासरी सापडेल. बोलून बोलून खोआ काय बोलेल."

"तो पिशवी बांधून पायऱ्यांवर बसलाय. त्याला सगळं ठाऊक आहे. काकूंना कळू नये म्हणून तो नाव पुसून घ्यायला तयार आहे."

खोलीच्या मधल्या भिंतीला दार नाही, नुसता पडदा आहे. पलीकडे पोशाखांची खोली. पडदा हलला आणि काकू पुढे आल्या. तोंडात दोन टाचण्या होत्या, हातात पोशाखाची बाही. त्यांनी टाचण्या काढून बाहीला टोचल्या, एक, मग दुसरी.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

६

बासरी राजवाड्याच्या रंगवलेल्या पडद्याच्या गुंडाळीत होती. तो पडदा पाच वर्षांत उलगडलेला नव्हता. काकूंनी स्वतः दोरी सोडली, बासरी काढली, पदराच्या टोकाने पुसावी तशी बाहीने पुसली आणि मागच्या पायऱ्यांवर गेल्या. मी आणि काका त्यांच्या मागे.

"थिन, पिशवी सोड. शेवटची ओळ वाजव."

थिनने आधी काकांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघतोस? मी सांगते आहे ना."

त्याने वाजवली. काकू गायल्या. आवाज उंच जाऊन, वरच्या सुराच्या अगदी खाली अडखळला आणि फाटला. त्या थांबल्या.

"पुन्हा."

या वेळी त्या जरा आधीच श्वास घेऊन गेल्या. तरीही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. त्या पायरीवर बसल्या.

"तुमच्यावर रागावता येईना, इतका राग आलाय मला," त्या काकांना म्हणाल्या. "आवाजाचं नाही. आवाज जातो. माझ्या आईचा माझ्या आधी गेला. पण दोन वर्षं मी त्या पोरीला सगळ्यांसमोर म्हणत आले, तुझा आवाज खाली बसत नाही. आणि तुम्ही शेजारी बसून किम वाजवत होतात."

"मी सांगणार होतो."

"कधी? तेतनंतर?"

काकूंनी थिनकडे बोट केलं.

"थिनचं नाव पुसायची वेळ आली तरी गप्प बसलात. मला जपायचं म्हणून. मला असलं जपणं नको." त्या उठल्या. "मी आत जाऊन सुओंगशी बोलते. पण बाकीचं मी बोलणार नाही. तुम्ही मंडळीचे मालक. तीन वाजता, देव्हाऱ्यासमोर, पाहुण्यांसमोर. मी तुमच्या वतीने शब्दही बोलणार नाही."

त्या सुओंगशी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. मी तेव्हा घोड्या लाल ठिपक्यांवर परत आणत होते. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग सुओंगचा आवाज आला, एकच ओळ, आणि तिच्यावर काकूंचा, "श्वास तिथे नको. एक शब्द आधी घे." पुन्हा तीच ओळ. "हां."

पावणेतीनला पाहुणे यायला लागले. शेजारच्या दोन मंडळींचे लोक, देवळाचे कारभारी, बाजारातल्या दोन-तीन जुन्या रसिक बायका. भाजलेलं डुक्कर देव्हाऱ्यासमोर मांडलं, त्याच्याभोवती भाताच्या पुड्या, फळं. थी नव्हतं. थिन आपल्या जागी बसला होता आणि लाखेची पेटी त्याच्यासमोर झाकलेली होती. खोआ तिच्याकडे, मग थिनकडे, मग माझ्याकडे बघत होता.

"सापडली?" तो त्याच्या मते कुजबुजला. सगळ्या खोलीने मागे वळून पाहिलं.

"सापडली."

"कुणाकडे?"

"थांबा ना जरा."

काकांनी तीन उदबत्त्या लावल्या, कपाळाशी नेऊन तीनदा वाकले. उदबत्त्या खोचल्या. नेहमी ते मग वळून आपल्या जागी येतात. या वेळी ते तिथेच उभे राहिले, लोकांकडे तोंड करून. काकू नायिकेच्या जागेवर नव्हत्या. त्या मागच्या रांगेत, सुओंग रोज बसते तिथे बसल्या होत्या, आणि सुओंग दाराशी उभी होती, पुढे यावं की नाही हे न कळून.

"बासरी सकाळी पेटीत नव्हती," काका म्हणाले. "ती मी काढली होती. थिनचा काही संबंध नाही. त्याच्यावर आळ आला तेव्हा मी बसून ऐकलं. त्याची मी आद्यगुरूंसमोर माफी मागतो."

"काय म्हणाले?" खोआने शेजारच्याला विचारलं. शेजारच्याने सांगितलं. खोआचा चेहरा हळूहळू लाल झाला. तो उठला, थिनपाशी गेला, काही न बोलता आपल्या सारंगीचा गज खाली ठेवून त्याच्यापुढे हात जोडून वाकला, आणि परत येऊन बसला. थिनने पेटी उघडली.

त्याने सूर दिला. मी तार छेडली. जुळला. काकांच्या किमची खुंटी वर, अजून वर फिरली. सारंगी मी लावून दिली. सगळं घर त्या एका सुरावर येऊन थांबलं, आणि पहिलं गाणं कोण म्हणणार हे अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

बाजारातली एक म्हातारी म्हणाली, "सहावे भाऊ, सुरू करा की. थुइ लिऊ मागे का बसली आहे?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर हटवली नाही, पण ओठही हलवले नाहीत. सकाळी म्हणाल्या होत्या तशाच त्या बसून राहिल्या. काकांचा हात किमच्या गळ्यावर होता. मी मोजत नव्हते, पण अर्धं मिनिट तरी गेलं असेल.

"सुओंग, पुढे ये," काका म्हणाले. त्यांनी घसा साफ केला आणि खोआला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "आजचं गाणं सुओंग म्हणेल, आणि आजपासून या मंडळीची नायिका तीच."